अस्सल फो कोणता, हनोईचा की सायगावचा? व्हिएतनामच्या प्रांतोप्रांतीच्या खाण्याविषयी काही शंका

वाटीचमचा :

नमस्कार. गेल्या महिन्यात पुण्यातल्या एका व्हिएतनामी उपाहारगृहात मी पहिल्यांदा फो खाल्ला. मोठ्या वाडग्यात तांदळाच्या चपट्या शेवया आणि वाफाळता रस्सा, तर शेजारी वेगळ्या ताटलीत मुगाचे लांब मोड, लिंबाची फोड, मिरचीच्या चकत्या, तुळशीच्या कुळातली वाटणारी जांभळट देठांची पाने आणि दोन प्रकारचे सॉस असा सगळा सरंजाम होता. मला तो प्रकार अतिशय आवडला. योगायोगाने लगेचच माझा धाकटा भाऊ कामानिमित्त हनोईला गेला आणि त्याने तिथल्या फोचे छायाचित्र पाठवले. त्यात शेवया, मांसाचे काप आणि कांद्याची पात यांपलीकडे काहीही नव्हते. त्याने हातवारे करून मोड आणि तुळस मागितली, तर दुकानातल्या बाईंनी सरळ मान हलवून नकार दिला म्हणे. तेव्हापासून ‘पुण्यात तुम्ही खाता ते सगळे खोटे’ हे त्याचे पालुपद चालू आहे.

माझा पहिला प्रश्न असा की या दोहोंपैकी अस्सल कोणता मानायचा, आणि एकाच देशात एकाच पदार्थाची दोन इतकी वेगळी रूपे का झाली? दुसरा प्रश्न व्यवहाराचा आहे. जानेवारीच्या अखेरीस मी, माझे यजमान आणि आई असे तिघे दहा दिवसांसाठी हनोई, ह्वे, होई आन आणि सायगाव या मार्गाने जाणार आहोत. ‘हे दहा पदार्थ खाच’ अशा याद्या वाचून कंटाळा आला आहे. कोणत्या गावात काय खावे यापेक्षा तिथे तेच का खातात हे समजले तर खाण्याची गोडी वाढेल असे वाटते. आई माळकरी आहे, त्यामुळे तिच्या जेवणाचे काय करावे हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

तळ्याकाठी :

वाटीचमचाताई, तुमच्या भावाने हनोईत खाल्ला तो फो खरा आणि तुम्ही पुण्यात खाल्लात तोही खराच. फरक इतकाच की तुमच्या वाट्याला सायगावचा फो आला, आणि तोही बहुधा अमेरिकेचा फेरा करून आलेला. मी नोकरीनिमित्त चार वर्षे हनोईत राहिलो, त्यामुळे माझा ओढा उत्तरेकडे आहे हे आधीच कबूल करतो.

फो हा फारसा जुना पदार्थ नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हनोई आणि तिच्या आग्नेयेचा नाम दिन्ह प्रांत या टापूत तो आकाराला आला असे सर्वसाधारणपणे मानतात. तोवर तिकडे बैल आणि रेडे ही शेतीची जनावरे होती. फ्रेंच आले, शहरांत गोमांसाची मागणी वाढली, आणि खाटकांकडे उरलेली हाडे स्वस्तात उचलून त्यांचा रस्सा करणारे फिरते विक्रेते उभे राहिले. एका पारड्यात चूल आणि पातेले, दुसऱ्यात वाडगी आणि शेवया, अशी कावड खांद्यावर घेऊन ते गल्लोगल्ली फिरत.

रस्सा करण्याची रीत सांगतो, कारण तिच्यातच उत्तरेचा सगळा स्वभाव दिसतो. हाडांना आधी एक उकळी देऊन ते पाणी फेकून देतात. आले आणि कांदा सालीसकट निखाऱ्यावर काळे पडेपर्यंत भाजून, मग सोलून पातेल्यात घालतात. चक्रीफूल, दालचिनी, लवंग आणि मसाला वेलदोड्याच्या जातीचे एक मोठे फळ हे कोरडे भाजून पुरचुंडीत बांधून सोडतात, आणि मग कित्येक तास इतक्या मंद आचेवर ठेवतात की रस्सा खदखदता कामा नये, नाहीतर तो गढूळ होतो. मसाले पाहाल तर सगळे आपल्याच डब्यातले आहेत, पण त्यांची पूड नाही, वाटण नाही, फोडणी नाही. सुगंध उतरला पाहिजे आणि रस्सा मात्र तळ दिसेल इतका नितळ राहिला पाहिजे.

माझ्या घराखाली एक बाई पहाटे साडेपाचला दुकान लावत आणि नऊपर्यंत त्यांचे पातेले रिकामे झालेले असे. शेवयांची एक मूठ खोल झाऱ्यात घालून त्या ती उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवीत, मनगटाला एक झटका देऊन पाणी निथळवीत, वाडग्यात उलटवून वर मांसाचे काप पसरीत, कांद्याच्या पातीचा पांढरा भाग उभा चिरून ठेवीत आणि मग रस्सा ओतीत. मेजावर लसूण घातलेला शिरका, मिरची आणि बुडवून खायला ‘क्वाय’ नावाचे तळलेल्या पिठाचे लांब तुकडे, बस्स. पहिल्या दिवशी मी सवयीने आधीच लिंबू पिळायला घेतले, तेव्हा त्या काहीतरी बोलल्या. शेजारी बसलेल्या मुलाने मला इंग्रजीत सांगितले, ‘आजी म्हणतात, आधी रस्सा पिऊन बघा, मग पाहिजे तर पिळा.’ तुमच्या भावाला मिळालेला नकारही त्याच जातीचा होता. त्यात उद्धटपणा शोधू नये.

आता मोड आणि तुळस कुठून आली ते पाहू. १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर देशाचे दोन भाग झाले आणि उत्तरेकडून आठ ते दहा लाख माणसे दक्षिणेत गेली. फो सायगावात त्यापूर्वीही मिळत असे, पण या माणसांबरोबर तो तिथे घरोघरी पोचला. दक्षिण म्हणजे बारमाही हिरवाई, ऊस आणि नारळ यांचा मुलूख. तिथे रस्स्यात खडीसाखर पडली, ताटलीत पाला आला, सोयाबीनचा काळा गोड सॉस आला. पुढे १९७५ मध्ये युद्ध संपल्यावर जे लोक नौकांतून देश सोडून अमेरिका, ऑस्ट्रेलिया, फ्रान्स इथे गेले ते बहुतांशी दक्षिणेतले होते. त्यांनी परदेशात उपाहारगृहे काढली आणि जगाने फो पाहिला तो त्यांच्या हातचा. उत्तरेत मात्र युद्धकाळापासूनच शिधावाटपाचे दिवस होते. सरकारी दुकानांत शेवया आणि रस्सा मिळे, मांस नसे; त्याला लोक ‘चालकाविना फो’ म्हणत. हे नाव अमेरिकेच्या वैमानिकाविना उडणाऱ्या टेहळणी विमानांवरून पडले. १९८६ मध्ये आर्थिक धोरण बदलल्यानंतर हनोईतली खाजगी दुकाने पुन्हा बहरली.

जाता जाता उच्चाराविषयी. लिहिताना आपण ‘फो’ लिहितो, पण तोंडाने तो शब्द ‘फऽ’ असा, स्वर आधी खाली नेऊन मग प्रश्न विचारल्यासारखा वर उचलून म्हणतात. मला तो चार वर्षांत फार तर दोनदा नीट जमला.

कणीभात :

तळ्याकाठी यांचे विवेचन उत्तम आहे, पण ‘दक्षिणेत साखर पडली’ हे वाक्य हनोईकर ज्या सुरात म्हणतात तोच सूर त्यात थोडा आला आहे, म्हणून सायगावच्या बाजूने चार शब्द. मी सहा वर्षांपासून इथे राहते. शहराचे अधिकृत नाव हो ची मिन्ह सिटी असले तरी रोजच्या बोलण्यात लोक सायगावच म्हणतात.

मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात व्हिएतनामी लोक वसले ते साधारण सतराव्या शतकापासून. तिथे आधीपासून ख्मेर लोक होते, पाठोपाठ दक्षिण चीनमधले व्यापारी आले. त्यामुळे इथले खाणे मुळातच मिश्र आहे. ‘हू तिएउ नाम वांग’ या शेवयांच्या नावातच ‘नाम वांग’ म्हणजे कंबोडियाची राजधानी नोम पेन्ह आहे. आंबवलेल्या माशांचा दाट रस्सा असलेले ‘बुन माम’ ख्मेर स्वयंपाकाच्या शेजारातून आले. आणि ‘का री’ म्हणजे आपली करी. फ्रेंच अमदानीत पाँडिचेरीहून आलेल्या तमिळ व्यापाऱ्यांच्या वस्तीची ती खूण आहे. इथे तिच्यात नारळाचे दूध, रताळे आणि गवती चहाचे बुंधे असतात, आणि ती पावाबरोबर खातात. पाव फ्रेंचांचा, मसाला भारताचा, नारळ इथला. यात ‘अस्सल’ काय ते तुम्हीच ठरवा.

माझ्या टोपणनावाचा खुलासाही इथेच करते. सायगावची खरी ओळख फो नसून ‘कम ताम’ आहे, आणि कम ताम म्हणजे शब्दशः तांदळाच्या कणीचा भात. गिरणीत तांदूळ सडताना जी कणी पडते ती आपल्याकडे पेजेला किंवा कोंबड्यांना जाते. इथेही ती गरिबाघरचीच होती. चांगला तांदूळ विकायचा आणि उरलेली कणी घरी शिजवायची. पुढे शहरातल्या कामगारांसाठी रस्त्याकडेला कणीचा भात विकला जाऊ लागला आणि आज तोच शहराचा मानाचा पदार्थ आहे. वर कोळशावर भाजलेली डुकराची बरगडी, भाजक्या तांदळाच्या पिठात घोळलेले कातडीचे बारीक धागे, वाफवलेल्या अंड्याची वडी, कांद्याची पात घालून तापवलेले तेल आणि गोडसर केलेले ‘नुओक माम’, म्हणजे मासे मिठात आंबवून काढलेले खारट पाणी. कणी मोकळी शिजली पाहिजे आणि तरी दाताखाली किंचित चुरचुरली पाहिजे. आख्ख्या तांदळाने हे साधत नाही, म्हणून ज्यांना परवडतो तेही आज कणीच मागतात.

दुसरा पदार्थ ‘बान्ह सेओ’. ‘सेओ’ हा तव्यावर पीठ पडताच होणारा चर्र आवाज. तांदळाचे पीठ, हळद, नारळाचे दूध, आत कोळंबी, डुकराचे मांस आणि मुगाचे मोड. पाहताक्षणी तुम्ही त्याला घावन म्हणाल, आणि मीही म्हटले होते. फरक खाण्याच्या रीतीत आहे. घावनाचा तुकडा मोडायचा, मोहरीच्या मोठ्या पानावर ठेवायचा, त्यावर चार-पाच प्रकारचा कच्चा पाला ठेवून गुंडाळी करायची आणि पातळ केलेल्या नुओक माममध्ये बुडवून खायचे. तळकट, कडवट, आंबट, गोड, खारट असे सगळे एकाच घासात आले पाहिजे हा इथला आग्रह आहे, आणि साखर त्याच हिशेबात येते. आपण आमटीत गूळ घालतो तो काही आमटी गोड व्हावी म्हणून नव्हे.

सायगावात असताना ‘कान्ह चुआ’ अवश्य घ्या. चिंचेच्या आंबट पाण्यात मासा, अननस, टोमॅटो, भेंडी आणि अळूच्या कुळातल्या एका झाडाचे जाड, स्पंजासारखे देठ. चिंच आणि अळूच्या देठांची जोडी आपल्या फतफत्याला नवी नाही, पण त्यात अननस म्हटल्यावर माझ्या सासूबाईंनी दूरध्वनीवर जो उसासा टाकला तो मला अजून ऐकू येतो. पुराचे पाणी ओसरण्याच्या सुमारास, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या आसपास, याच कालवणात हादग्याची पांढरी फुले घालतात. होय, तोच हादगा.

खाजणातला :

हादग्याचा विषय निघालाच आहे तर कोकणच्या माणसाला बोलणे भाग आहे. मी तीन वर्षांपूर्वी उत्तर व्हिएतनाममध्ये तीन आठवडे फिरलो. माझी नजर बाजारावर अधिक आणि उपाहारगृहांवर कमी होती.

हनोईत ‘बुन रिएउ’ नावाचा शेवयांचा प्रकार मिळतो. त्याचा रस्सा भाताच्या खाचरातल्या लहान खेकड्यांचा असतो. खेकड्यांची पाठ काढून टाकून बाकीचा भाग कवचासकट उखळात कुटतात, पाण्यात कालवून गाळतात आणि ते गढूळ पाणी मंद आचेवर ठेवतात. तापू लागले की खेकड्याचा गर आपोआप एकत्र येऊन वर तरंगतो; त्या तरंगत्या थराला ‘रिएउ’ म्हणतात. तो ढवळून मोडायचा नाही हे पथ्य. पाठीतले पिवळे लाख वेगळे काढून कांद्याबरोबर परततात आणि वरून सोडतात. टोमॅटोने आंबटपणा येतो. आमच्याकडे पहिल्या पावसात शेतातले मुठे आणले की आई त्यांच्या नांग्या-पाय पाट्यावर वाटून, पाणी घालून, फडक्यातून गाळून तेच पाणी कालवणाला वापरत असे. तिच्या कालवणात नारळाचे वाटण आणि तिखट पडे, यांच्यात पडत नाही, पण कुटण्या-गाळण्याची रीत तंतोतंत एक आहे. भाताचे खाचर आले की खेकडा आला, आणि त्याच्या बारक्या पायांतून मांस काढत बसायला वेळ कोणाला आहे?

दुसरी गंमत वायव्येच्या डोंगराळ भागातली. तिथे थाई नावाचा जनसमूह राहतो. शेजारच्या थायलंडमधल्या लोकांशी त्यांचे भाषिक नाते असले तरी हे व्हिएतनामचेच रहिवासी. ते मासा पाठीकडून उभा चिरून, आत मसाला भरून, दुमडून बांबूच्या चिमट्यात धरून निखाऱ्यावर भाजतात. त्या मसाल्यातल्या ‘माक खेन’ या जिनसेचा वास घेतला आणि मी जागीच थबकलो, कारण ते आमचे तिरफळ होते. केवळ सारखे म्हणून नव्हे; वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनेही ही एकच जात आहे. कोकणात आणि गोव्यात आपण तिरफळ किंचित ठेचून बांगड्याच्या किंवा तारल्याच्या कालवणात सोडतो आणि खाताना बाजूला काढतो. तिकडे ते कोरडे भाजून, कुटून, मीठ-मिरचीबरोबर कोरड्या चटणीसारखे वापरतात. जिभेला येणारी ती बधिर मुंगी मात्र अगदी तीच.

आणि तिसरी गोष्ट जवळ्याची. ह्वे शहराच्या ‘बुन बो ह्वे’ या शेवयांच्या रस्स्यात जो खोल, उग्र स्वाद असतो तो ‘माम रुओक’चा, म्हणजे जवळ्याच्याच कुळातली इवलीशी कोळंबी मिठात आंबवून केलेल्या लगद्याचा. आपण जवळा उन्हात सुकवला, त्यांनी आंबवला. नुओक मामचेही तेच. फू क्वोक बेटावर साधारण तीन भाग मांदेलीएवढे मासे आणि एक भाग मीठ असे थर मोठाल्या लाकडी पिंपांत भरून वर्षभर ठेवतात आणि तळाच्या तोटीतून तांबूस, स्वच्छ पाणी काढतात. पहिल्या धारेचे सर्वांत मोलाचे. या बेटाच्या नुओक मामच्या नावाला युरोपीय संघाने २०१२ मध्ये भौगोलिक संरक्षण दिले. वास पहिल्यांदा अंगावर येतो हे खरे, पण सुकटीच्या वासाबद्दल शेजाऱ्यांची बोलणी खाल्लेल्या माणसाने त्याविषयी तक्रार करू नये.

वाटीचमचा :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. भावाला हा सगळा मजकूर पाठवला आहे. त्याचे उत्तर अजून आलेले नाही, यावरून काय ते समजले.

मात्र नुओक माम जर प्रत्येक पदार्थात असेल तर आईचे काय, ही काळजी आता वाढली आहे. शिवाय मधल्या भागाविषयी, म्हणजे ह्वे आणि होई आनविषयी, अजून फारसे कोणी लिहिले नाही. आणि हनोईत मिळणाऱ्या शेपूच्या कुठल्याशा पदार्थाचा उल्लेख मी एका ठिकाणी वाचला; आमच्या घरी शेपू शिजली की अर्धे घर बाहेर जेवते, म्हणून विचारून ठेवते.

एकभुक्त :

दोन्ही प्रश्नांना मी उत्तर देऊ शकेन, कारण मी शाकाहारी आहे आणि व्हिएतनामचा मधला भागच मी सर्वांत निवांतपणे पाहिला आहे.

आईंसाठी एकच शब्द पाठ करा : ‘चाय’. त्याचा अर्थ चहा नव्हे, तर बौद्ध पद्धतीचा सात्त्विक शाकाहार. दुकानाच्या पाटीवर हा शब्द असला की आत मांस, मासे आणि नुओक माम काहीही नाही. तिथे नुओक मामची जागा सोयाबीनचे किंवा अननसाचे आंबवलेले खारट पाणी घेते. ‘तोइ आन चाय’ म्हणजे ‘मी शाकाहारी आहे’. फक्त ‘चाय’ हा स्वर न हलवता सपाट म्हणावा. तोच उंच चढवला तर ‘जळणे’ आणि खाली दाबून तोडला तर ‘पळणे’ असा अर्थ होतो. मी एका दुकानात बराच वेळ ‘मी जळणे खातो’ असे सांगत होतो.

साध्या उपाहारगृहात मात्र नुसत्या भाजीवरही विश्वास ठेवू नका. नाळीची भाजी लसणीवर परतून सगळीकडे मिळते, टोमॅटोच्या रसातले सोयाबीनचे पनीरही मिळते, परंतु दोन्हींत नुओक माम किंवा कालवांचा सॉस सहज पडतो. हनोईत सकाळी हळदीने पिवळा केलेला चिकट तांदळाचा भात, वर वाटलेल्या मूगडाळीचे पातळ काप आणि तळलेला कांदा असा ‘सोइ सेओ’ मिळतो; दिसायला निर्दोष, पण त्यावर बहुधा चरबी ओततात. म्हणून आईंना ‘चाय’ पाटीच्या आतच नेलेले बरे. उलट तिथे आत गेल्यावर ताटात आख्खा मासा किंवा कोळंबी दिसली तर घाबरू नये. ती सोयाबीनच्या सायीची आणि कंदांची केलेली नक्कल असते. आईंना आधी सांगून ठेवा, नाहीतर त्या पानावरून उठतील.

कडक चाय पाळणारे कांदा-लसूणही वर्ज्य मानतात. त्यांच्या परंपरेत पाच उग्र पदार्थ निषिद्ध आहेत आणि त्या यादीतला पाचवा आहे हिंग! बौद्ध ग्रंथांबरोबर ‘हिंगु’ हा संस्कृत शब्द चिनी वळणाने तिकडे पोचला आणि बंदीच्या यादीत राहिला; प्रत्यक्ष हिंग तिथल्या स्वयंपाकघरात कोणी पाहिलेलाही नसतो.

ह्वे हे शहर यासाठी सर्वांत उत्तम. १८०२ ते १९४५ या काळात ती न्गुयेन घराण्याची राजधानी होती आणि गावात विहारही पुष्कळ आहेत. त्यामुळे तिथे दरबाराचा नखरा आणि विहाराचा सात्त्विकपणा दोन्ही टिकले. ‘बान्ह बेओ’ पाहा : लहान वाट्यांमध्ये तांदळाचे पातळ पीठ वाफवतात. चकती शिजताना मध्यभागी एक खळगी पडते आणि त्या खळगीत वाळवलेल्या कोळंबीचा भुगा घालतात. चायच्या दुकानात त्याजागी मूगडाळ किंवा अळंबी असते. एका माणसासमोर अशा दहा वाट्या मांडतात. दोन घासांत संपेल एवढेच अन्न, पण ते दहा वेळा आणि देखणे. राजवाड्यामुळे असे झाले असे सगळे सांगतात. मला मात्र तो मधल्या प्रदेशाच्या टंचाईचाही परिणाम वाटतो. अरुंद किनारपट्टी, वादळे, पूर, थोडी शेती. मग थोडक्याचे नटवून पुष्कळ करणे आलेच. तिथलाच ‘कम हेन’ हा थंड भात याची साक्ष आहे. नदीतल्या नखाएवढ्या शिंपल्यांचे मांस, त्यांचेच उकळलेले पाणी, केळफूल, शेंगदाणे आणि भरपूर तिखट. हे गरिबांचे अन्न, आणि त्याचा अभिमान दरबारी पदार्थांइतकाच. तिखटाचे म्हणाल तर या भागात तिन्हींत अधिक. बुन बो ह्वेमध्ये गवती चहा आणि तिखटाचे लाल तेल असते आणि शेवया फोसारख्या चपट्या नसून गोल, जाड असतात.

होई आनचे ‘काओ लाउ’ यजमानांनी खावे. त्याच्या शेवया जाड, तपकिरी आणि चिवट असतात. बाजूच्या बेटांवरच्या झाडांची राख कालवलेल्या पाण्यात तांदूळ भिजवतात आणि ते पाणी गावातल्या बा ले नावाच्या जुन्या विहिरीचेच हवे असे गावकरी सांगतात. विहिरीचे राहू द्या, पण राखेचे पाणी म्हणजे क्षार, आणि क्षार काय करतो हे पापडखार वापरणाऱ्या कोणालाही माहीत आहे. त्याच परिसरातले ‘मी क्वांग’ हळदीने पिवळे असते आणि रस्सा वाडग्याच्या तळाशी जेमतेम दिसेल एवढाच. वर शेंगदाणे आणि चुरलेला तिळाचा पापड. रस्सा वाढून मागू नये.

आईंसाठी शेवटचे : ‘चे’ नावाची गोड पेये-खिरी बहुतेक शाकाहारीच असतात. ह्वेमध्ये कमळबियांचे चे मिळते. साखरेच्या पातळ पाकात शिजवलेल्या कमळाच्या बिया, बस्स. मी तिथे असताना ते दुपारचे जेवण म्हणून दोनदा प्यायलो.

तळ्याकाठी :

शेपूविषयीचा प्रश्न माझ्या वाट्याचा दिसतो. तुम्ही वाचलात तो पदार्थ ‘चा का’. नदीतल्या, कमी काट्यांच्या मांसल माशाचे तुकडे हळद, कुळिंजन आणि आंबवलेला भात यांत मुरवून कोळशावर अर्धवट भाजतात. मग मेजावर छोट्या शेगडीवरच्या कढईत तापलेल्या तेलात ते सोडतात आणि वरून शेपू आणि कांद्याची पात इतकी घालतात की मासा दिसेनासा होतो. पाला खाली बसला की लगेच शेवया, शेंगदाणे आणि कोळंबीच्या जांभळट ‘माम तोम’बरोबर खायचे. जुन्या हनोईतल्या ज्या रस्त्यावर हा पदार्थ नावारूपाला आला तो पूर्वी रंग-लाख विकणाऱ्यांचा रस्ता होता. आज त्या रस्त्याचेच नाव ‘चा का’ आहे. हळद आणि शेपू एकत्र येण्याचे हे ठिकाण पाहून शेपूचा राग धरणारेही नरमतात असा माझा अनुभव आहे, निदान माझी बायको नरमली.

शेपूला तिकडे ‘थी ला’ म्हणतात आणि त्याची एक लोककथा आहे. देव सगळ्या भाज्यांना नावे वाटत होता. शेपू सर्वांत शेवटी धापा टाकत पोचली. नावे संपली होती, म्हणून देव विचार करत पुटपुटला, ‘थी ला... थी ला...’, म्हणजे ‘तर मग... असं की...’. शेपूला वाटले हेच आपले नाव, आणि ती आनंदाने पळत सुटली.

आता महत्त्वाची सूचना. तुम्ही जानेवारीच्या अखेरीस म्हणता, पण चांद्र नववर्ष, म्हणजे ‘तेत’, जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत कधीही येतो. त्या आठवड्यात बहुतेक लहान दुकाने बंद असतात, गाड्या भरलेल्या असतात आणि सगळे गावाकडे असतात. घरोघरी ‘बान्ह चुंग’ शिजत असतो. भिजवलेला चिकट तांदूळ, मध्ये मूगडाळ आणि डुकराचे मांस, पानांत चौकोनी बांधून दहा-बारा तास उकळायचा. कुटुंब रात्रभर पातेल्याजवळ बसून पाणी घालत राहते. दक्षिणेत तोच केळीच्या पानात गोल, लांबट बांधतात आणि ‘बान्ह तेत’ म्हणतात. ओळखीचे घर असेल तर याहून चांगला काळ नाही. नसेल तर उपाशी राहाल. प्रवास तेतनंतर दोन आठवड्यांनी ठेवा. त्या सुमारास वर्षातली पहिली पौर्णिमा येते, आणि ‘वर्षभराच्या पूजेला पहिल्या पौर्णिमेच्या पूजेची सर येत नाही’ अशी तिथली म्हण आहे. एरवी मांस खाणारे पुष्कळ लोकही त्या दिवशी चाय पाळतात, त्यामुळे हातगाड्यांवरसुद्धा चायचे पदार्थ मिळतात.

वाटीचमचा :

आईला हे वाचून दाखवले. पौर्णिमा म्हटल्यावर तिने लगेच भिंतीवरची दिनदर्शिका काढून मांडीवर घेतली. तेत अमावास्येच्या आसपास येत असेल तर ही पौर्णिमा कधी माघी, कधी फाल्गुनी पडेल असा तिचा हिशेब आहे, तो बरोबर आहे का? तिच्या मते आपण पौर्णिमेच्या आदल्या दिवशी ह्वेमध्ये असावे आणि एकादशी मात्र विमानात येऊ नये. तिकिटे अजून काढलेली नाहीत, त्यामुळे तिचे ऐकायला हरकत नाही.

एकभुक्त :

आईंचा हिशेब अचूक आहे. पौर्णिमेला ह्वेच्या चायच्या दुकानांत सकाळपासूनच गर्दी असते, तेव्हा अकराच्या आत जेवून घ्या. आणि एकादशीसाठी कमळबिया उपासाला चालतात का, तेवढे त्यांना विचारून ठेवा.